साहेबांनी पाठवलेली व्हायरसची मेल

(पत्राचा गोषवारा: नागपूरच्या प्रतापनगर भागात राहणारे एक वाचक राज्य सरकारच्या एका कार्यालयातून निवृत्त झाले आहेत. त्यांचे पूर्वीचे साहेब जुन्या सहकाऱ्यांना नेमाने मेल पाठवतात आणि त्यात व्हायरसचे इशारे बरेच असतात. नुकत्याच आलेल्या एका मेलमध्ये होतं: ‘इन्व्हिटेशन’ नावाची फाईल कुणीही पाठवली तरी उघडू नका, तिच्यातून ऑलिम्पिकची मशाल पेटते आणि कॉम्प्युटरची अख्खी हार्ड डिस्क जळते, सीएनएनने बातमी दिली आहे, मायक्रोसॉफ्टने हा आजवरचा सर्वांत विध्वंसक व्हायरस ठरवला आहे, ओळखीच्या सर्वांना कळवा. वाचकांनी हा मजकूर कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पुण्याला आयटीत असलेला मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, हे सगळं फेक असतं.” पत्नी म्हणाल्या, “तुम्ही काहून पाठवून राहिले सगळ्यांना?” पण त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका उघडली आणि त्यांच्या खात्यातले पैसे गेले. वाचक विचारतात: मग मेल खोटी कशी? खबरदारी म्हणून पुढे पाठवलं तर बिघडतं काय? आणि न पाठवल्यामुळे कुणाचं नुकसान झालं तर जबाबदार कोण? साहेबांना नाही म्हणणं त्यांना जड जातं. घरातल्या विंडोज ७ च्या जुन्या कॉम्प्युटरवर मेल आणि बँकेचं काम चालतं, असंही ओघात लिहिलं आहे.)

काकाजी, नमस्कार.

मुलगा एकीकडे, साहेब दुसरीकडे आणि मध्ये तुम्ही, असं तुमचं पत्र आहे. पण खरा पेच मला त्या दोघांत नाही दिसला. तो तुमच्या पहिल्याच प्रश्नात आहे. मेलने सांगितलं, निमंत्रण उघडू नका. शेजाऱ्यांनी निमंत्रण उघडलं आणि पैसे गेले. मग मेल खोटी कशी? याला ‘फेक आहे, सोडा’ हे उत्तर पुरत नाही, म्हणून आधी तेच पाहू.

मशालीची ती मेल २००६ च्या फेब्रुवारीत फिरायला लागली. इटलीत तुरिनला तेव्हा हिवाळी ऑलिम्पिक होतं. ‘हा व्हायरस मॅकॅफीला (ही अँटीव्हायरस बनवणारी कंपनी) कालच सापडला असून त्यावर अजून इलाज नाही’ असं तिच्यात म्हटलेलं असतं. तो ‘काल’ इतकी वर्षं झाली तरी कालच आहे. मशाल पेटवून डिस्क जाळणारा व्हायरस तेव्हा कुणाला सापडला नाही आणि नंतरही नाही.

शेजाऱ्यांकडे आलं ते पत्रिकेचं नाव दिलेलं ॲप होतं. अँड्रॉइड फोनवर ॲप ज्या फाईलमधून बसतं तिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ असतं. खरी पत्रिका ही फोटो असते, पीडीएफ असते, फार तर व्हिडिओ. एपीकेवर बोट ठेवलं की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप बसवू द्यायचं का? लग्नाच्या दिवसांत, कुणाची पत्रिका आली या उत्सुकतेत माणूस ‘हो’ करून मोकळा होतो. मग ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, तीही मिळते. पुढे बँकेचा ओटीपी आला की तो भामट्यालाही दिसतो. पुष्कळदा हीच फाईल त्या फोनवरून ओळखीच्या लोकांना आणि ग्रुपवर परस्पर जाते. तेव्हा शेजाऱ्यांना ती ज्यांच्या नंबरवरून आली, त्यांनी बहुधा ती पाठवलेलीच नाही. ते स्वतःच आधी फसलेले. तुमच्या शेजाऱ्यांचं त्यांच्याशी वाजलं असेल तर एवढं तरी त्यांच्या कानावर घाला.

आता मला सांगा, साहेबांची मेल वाचून शेजारी वाचले असते का? मेलमध्ये कॉम्प्युटर आहे, हार्ड डिस्क आहे, पडद्यावर पेटणारी मशाल आहे. त्यांच्या हातात फोन होता आणि पडद्यावर गणपतीचं चित्र नि वधूवरांची नावं. काही जळालं नाही, काही बंद पडलं नाही. फोन नीट चालत राहिला आणि पैसे गेले. मेलने भीती घातली ती भलत्याच गोष्टीची. आणि तुमच्याच ग्रुपवर ती मेल आलेली असूनही घटना घडलीच, हेही विसरू नका. दोन्हींत ‘निमंत्रण’ आलं हा योगायोग आहे. वीस वर्षं फिरणाऱ्या मेलशी एखादी खरी घटना कधी ना कधी जुळणारच.

अशा इशाऱ्यांचं कूळ जुनं आहे. १९९४ च्या अखेरीस अमेरिकेत ‘गुड टाइम्स’ नावाचा इशारा निघाला. या शीर्षकाची मेल नुसती वाचली तरी हार्ड डिस्क पुसली जाईल, आणि हे खुद्द तिथल्या दूरसंचार आयोगाने सांगितलंय, असा त्याचा मजकूर. आयोगाने तसं काही सांगितलं नव्हतं. व्हायरस कुठेच नव्हता. पसरला तो इशारा, कार्यालयांतून, विद्यापीठांतून, भल्या माणसांच्या हातून. २००१ मध्ये त्याहून वाईट प्रकार झाला. ‘सल्फएनबीके डॉट ईएक्सई’ ही फाईल तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असेल तर तो व्हायरस आहे, ताबडतोब उडवा, अशी मेल आली. लोक शोधायचे आणि फाईल सापडायचीच, कारण ती विंडोज ९८ चीच होती. फाईलींची लांब नावं सांभाळायचं तिचं काम. पुढच्याच वर्षी टेडी बेअरचं चित्र असलेल्या दुसऱ्या एका फाईलवर पाळी आली. ‘अँटीव्हायरसलाही हा सापडत नाही’ असं त्या मेलमध्ये होतं. बरोबरच आहे, व्हायरस नसलेली फाईल अँटीव्हायरस कशाला पकडेल? लोकांनी धडधाकट कॉम्प्युटरमधून आपल्या हाताने फाईली उडवल्या आणि ओळखीच्यांनाही तेच करायला सांगितलं. सगळं खबरदारी म्हणून.

व्हॉट्सॲप आल्यावर मजकूर तोच राहिला, कपडे बदलले. ‘उद्या मार्टिनेली नावाचा व्हिडिओ येणार, उघडू नका’ हा निरोप २०१७ पासून फिरतोय. गुड मॉर्निंगच्या फोटोंत चिनी हॅकरांनी काहीतरी दडवलंय, सगळे फोटो डिलीट करा, असं शांघायच्या कुठल्याशा वृत्तसंस्थेच्या नावाने आलेलं तर तुम्ही वाचलंच असेल. (त्या निरोपामुळे एखाद्या ग्रुपवरचे सुप्रभात थोडे दिवस थांबले असतील तर मी तक्रार करणार नाही.)

पण म्हणून मेल, फोटो, व्हिडिओ नुसता उघडून कधीच काही होत नाही, असंही मी लिहून देणार नाही. १९९९ मध्ये ‘बबलबॉय’ नावाचा प्रकार खरोखरच आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल-प्रोग्रॅममध्ये मेल उघडताच चालू व्हायचा. २०१९ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपमध्ये एक दोष उघड झाला. मुद्दाम बिघडवून बनवलेल्या व्हिडिओ फाईलमधून फोनवर ताबा मिळवता येण्याची शक्यता होती. या दोन्ही वेळी उपाय काय होता? अपडेट. पहिल्या वेळी तर मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती आधीच काढून ठेवली होती. ज्याने ती बसवली त्याला बबलबॉयची भीती नव्हती, आणि ज्याने नुसता इशारा वाचून दहा ठिकाणी पाठवला तो होता तिथेच होता.

आता साहेबांचं. ते अभ्यासू आहेत, त्यांनी आयुष्यात उगाच काही पाठवलं नाही, असं तुम्ही लिहिता. मला ते पटतं. पण पाठवणारा भला आहे यावरून पाठवलेलं खरं ठरवायची सवय हीच व्हायरस लिहिणाऱ्यांना सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली आहे. ४ मे २००० ला फिलिपाइन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ हा व्हायरस अगदी खरा होता. तो आउटलुकच्या पत्त्यांच्या यादीतल्या प्रत्येकाला स्वतःच जायचा. लोकांना तो सहकाऱ्याकडून आला, वरिष्ठांकडून आला, म्हणून त्यांनी ते प्रेमपत्र उघडलं. शेजाऱ्यांच्या पत्रिकेतही हीच युक्ती आहे, फक्त प्रेमपत्राच्या जागी मुहूर्त आला.

मग पारखायचं कसं? यासाठी तुम्हाला कुणा तज्ज्ञाची गरज नाही काकाजी, तुम्ही नोकरीभर हेच केलंय. समजा कार्यालयात एक कागद आला. वर जावक क्रमांक नाही, दिनांक नाही, खाली सही नाही, ‘वरिष्ठांनी कळवले आहे’ एवढंच, आणि शेवटी ‘सर्व विभागांना प्रती द्याव्यात’. तुम्ही तो फाईलला लावला असता का? साहेबांनी तुम्हाला लावू दिला असता का? मशालीची मेल तशीच आहे. सीएनएनने बातमी दिली, पण कोणत्या तारखेला? मायक्रोसॉफ्टने ठरवलं, पण कोणत्या पत्रकात?

खऱ्या सूचनेचा कागद कसा दिसतो तेही पाहून घ्या. आपल्याकडे हे काम केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था २००४ पासून करते. तिच्या सूचनेवर क्रमांक असतो, दिनांक असतो, कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत दोष आहे ते असतं, धोका किती गंभीर ते असतं, आणि खाली उपाय. वाचायला कंटाळवाणी असते, उद्गारचिन्ह एकही नसतं, आणि ‘पाच जणांना पाठवा’ असं तर तिच्यात कुठेच नसतं. मी स्वतः याच शेवटच्या गोष्टीवरून बरंचसं ठरवते. इशारा वाचून ‘मी आता काय करायचं?’ असं विचारायचं. अपडेट करा, अमुक ॲप काढा, पासवर्ड बदला, असं काही ठोस सांगितलं असेल तर पुढे तपासावं. ‘सर्वांना कळवा’ याखेरीज काहीच नसेल तर सोडून द्यावं. मात्र ‘ही फाईल उडवा’, ‘हे ॲप घ्या’, ‘या लिंकवर जा’ अशी कामं त्याच निरोपावर विसंबून कधी करू नये. तपासायला फार लागत नाही: इशाऱ्यातलं व्हायरसचं नाव आणि पुढे ‘फेक’ किंवा ‘होक्स’ हा शब्द गूगलवर टाका. मशालीबद्दल अँटीव्हायरस कंपन्यांनी आणि तथ्य तपासणाऱ्यांनी केव्हाच लिहून ठेवलंय. व्हॉट्सॲपवर निरोपाच्या डोक्यावर दोन बाण दिसले तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय असं समजा. २०२० पासून असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, त्यामागे कारण आहेच.

‘पाठवलं तर बिघडतं काय’ याचं थोडं उत्तर वर आलं. उरलेलं असं की माणसाची भीती फार वेळा वापरली की बोथट होते. मशाल, मार्टिनेली, शांघाय असं वाचून वाचून ग्रुपवरच्या लोकांनी तुमचे निरोप न उघडताच वर सरकवायला सुरुवात केली असेल. उद्या तुम्ही एपीकेबद्दल खरंखुरं लिहाल, तेही त्याच रांगेत सरकेल. दुसरं, या मेली पुढे जाताना आधीच्या सगळ्यांचे पत्ते पोटात घेऊन जातात. तशी एखादी मेल भामट्याच्या हाती लागली की निवृत्त, पेन्शनवाल्या माणसांची आयती यादीच त्याला मिळते. सर्वांना मेल करायचीच असेल तर पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात टाकत जा, तिथले पत्ते इतरांना दिसत नाहीत.

आणि न पाठवल्याचा दोष? काळजी असलेल्या माणसाला हा प्रश्न पडतो, म्हणून तो थट्टेवारी नेणार नाही. पण जबाबदारी वाटते तर ती पाठवण्याआधीच्या दोन मिनिटांतही वाटायला हवी. तपासून खोटं निघालेलं तुम्ही अडवलंत, तर त्यामुळे कुणाचं काही गेलं नाही.

मुलाबद्दल एक शब्द. मशालीबाबत तो बरोबर आहे. पण ‘सगळं फेक असतं’ हे वाक्यही साहेबांच्या मेलसारखंच न तपासता पुढे ढकललेलं आहे. तुम्ही ते मनावर घेतलंत तर उद्याचा खरा इशाराही टोपलीत जाईल. त्याला म्हणा, बाबा, फेक कसं ओळखायचं ते एकदा शेजारी बसून दाखव. आयटीतल्या मुलांना आईवडिलांना दटावायला वेळ असतो, दाखवायला नसतो, ही माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतली जुनीच तक्रार आहे.

साहेबांना सगळ्यांच्या देखत उत्तर पाठवू नका. मेलवर ‘रिप्लाय ऑल’ करून ‘हे खोटे आहे’ लिहिणं सोपं आहे, पण ज्यांनी उभ्या आयुष्यात इतरांचे मसुदे दुरुस्त केले त्यांचा मसुदा निवृत्तीनंतर दहा जणांसमोर खोडणं मला बरं वाटत नाही. फोन करा किंवा सकाळी फिरताना गाठा. सुरुवात शेजाऱ्यांपासून करा. घडलेली गोष्ट आहे, ते नक्की ऐकतील. मग म्हणा, “साहेब, ती मशालीची मेल मी शोधून पाहिली, २००६ पासून फिरून राहिली आहे. खरा धोका हा एपीकेचा निघाला. तुमच्या यादीत सगळे आपल्याच वयाचे, तुम्ही लिहिलं तर वाचतील.” मला वाटतं, इशारे पाठवण्यामागे त्यांची काळजी आहेच आणि निवृत्तीनंतरही आपलं कुणीतरी ऐकतंय याचं समाधानही थोडं असेल. ते काढून घ्यायचं कारण नाही, त्यांना पाठवायला खरं काहीतरी द्या. तरीही मेली येत राहिल्या तर वाचा, नमस्कार कळवा आणि पुढे पाठवू नका. साहेब तुमचा पाठपुरावा घेणार नाहीत. आता ते दिवस गेले.

ग्रुपवर तुम्ही मशाल टाकली होती, तर तिथेच चार ओळी लिहा. मी लिहून देते, हवं तर तशाच टाका: ‘मागे मी पाठवलेला ऑलिम्पिक मशालीचा इशारा खोटा आहे, पुढे पाठवू नये. पत्रिका, चलान, बँक केवायसी, सरकारी योजना अशा नावाने फाईल आली आणि नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती उघडू नये, ओळखीच्या नंबरवरून आली तरी. उघडली गेलीच तर लगेच फोनचं इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून १९३० ला आणि आपल्या बँकेला कळवावे.’ १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. घाई यासाठी की पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर हलवले जातात आणि लवकर कळलं तरच ते वाटेत अडवता येतात. शेजाऱ्यांनी अजून तक्रार केली नसेल तर लाज बाजूला ठेवून आजच करायला सांगा, हवं तर तुम्ही सोबत बसा. त्यांच्या फोनमधून ते ॲप काढलं का हेही विचारा. ते कधीकधी चिन्ह लपवून बसतं, म्हणून सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत शोधावं लागतं. नाहीच सापडलं तर फोटो वगैरे काढून घेऊन फोन पूर्ण रिसेट करावा.

आता तुमच्या पत्रातलं ते अर्धं वाक्य, ज्याने मला मशालीपेक्षा जास्त काळजी वाटली. विंडोज ७ चा कॉम्प्युटर, आणि त्यावर बँकेचं काम. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ च्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० पासून सर्वसामान्यांना देणं बंद केलंय. त्यानंतर सापडलेले दोष तुमच्या कॉम्प्युटरमध्ये तसेच उघडे आहेत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले, त्यातले बहुतेक विंडोज ७ चे होते. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, त्यांनी ती बसवली नव्हती. आणि तो पसरायला कुणी मेल उघडायची गरजच नव्हती. जाळ्यातल्या एका यंत्रातून तो दुसऱ्यात आपला आपण जायचा. असल्या व्हायरससमोर इशाऱ्याची कोणतीच मेल उपयोगाची नाही.

तेव्हा बँकेचं काम त्या कॉम्प्युटरवर आजपासून थांबवा. अपडेट येत असलेल्या फोनवरून करा, नाहीतर सरळ शाखेत जा. बँकेचा आणि मेलचा पासवर्ड फोनवरून बदला. फोटो, कागदपत्रं, पेन्शनच्या फाईली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. लावूनच ठेवली तर व्हायरस तीही घेऊन जातो. सीताबर्डीत कुणी ‘विंडोज १० टाकून देतो’ म्हणालं तर पैसे घालवू नका, त्याचीही नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ इतक्या जुन्या यंत्रावर बहुधा बसणार नाही. विंडोजच्या जागी बसवता येणारं लिनक्स मिंट फुकट आहे, जुन्या कॉम्प्युटरवर चालतं आणि मेल वाचायला, पत्र टाइप करायला पुरतं. मुलगा पुण्याहून येईल तेव्हा हे काम त्याच्यासाठी ठेवा.